दोन बोटं डावीकडे

मास्तरांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास होता: स्वतःच्या डोळ्यांवर आणि जमिनीवर. कापड आटतं, गिऱ्हाइकाची कंबर सुटते, बायको मत बदलते, पण जमीन जिथल्या तिथे राहते. म्हणून झग्याचा घेर नेहमी जमिनीपासून वर मोजावा, असं ते चाळीस वर्षं सांगत आले होते. कमरेपासून खाली मोजणारे शिंपी त्यांच्या मते शिंपी नव्हतेच, नुसते कात्री चालवणारे लोक होते.

मोजायची त्यांची पद्धतही ठरलेली होती. गिऱ्हाइकानं लाकडी चौथऱ्यावर ताठ उभं राहायचं आणि हलायचं नाही. मास्तर गुडघ्यांवर बसायचे, चौथऱ्यावर पट्टी उभी धरायचे, झग्यावर खडूची खूण करायचे आणि थोडं सरकून पुन्हा पट्टी, पुन्हा खूण. असं रांगत रांगत गिऱ्हाइकाभोवती पूर्ण चक्कर व्हायची. बाकीचे शिंपी स्वतः एका जागी बसतात आणि गिऱ्हाइकालाच गोल फिरवतात. मास्तरांना ते बघवत नसे. माणूस फिरला की त्याचा खांदा पडतो, पोट पुढे येतं. "गिऱ्हाइक म्हणजे काय भोवरा आहे?" ते म्हणत. "फिरायचं असेल तर शिंप्यानं फिरावं." या तत्त्वापायी त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते, पण त्यांच्या हातचा घेर कधी वाकडा गेला नव्हता.

ताई म्हणजे त्यांच्या मालकीण. एकोणीस वर्षांची असताना ही मुलगी त्यांच्याकडे शिवण शिकायला आली आणि पहिल्या आठवड्यात तिनं कापडापेक्षा स्वतःची बोटंच जास्त शिवली. आज तिचे फोटो मासिकांत छापून येत होते. सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघांनी मिळून वीस वर्षं कपडे केले. तिनं कागदावर काढायचे आणि मास्तरांनी अंगावर उभे करायचे. मास्तर तिला पहिल्या दिवसापासून 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणत आले, कारण शिकणाऱ्याला मान दिला की तो कमी चुकतो, असं त्यांचं मत होतं. पुढे ती खरोखरच मोठी झाली आणि ते 'ताई' तिच्या अंगावर बरोबर बसलं.

मग ताईंनी घर घेतलं. घर अडीचशे वर्षांचं, रुंदीला जेमतेम आणि उंचीला चार मजले. मुळात ते एका मिठाच्या व्यापाऱ्याचं, नंतर वकिलाचं. मग तिथे पियानो शिकवायचे, मग कुणीच काही शिकवेना आणि कबुतरं राहायला आली. ताईंनी तीन वर्षं खपून त्याचं शोरूम केलं. स्वयंपाकघरात स्कार्फ आले, कोठीच्या खोलीत बूट आले, न्हाणीघरातल्या पंजेवाल्या टबात पर्सा मांडल्या गेल्या. पहिल्या मजल्यावरचा दिवाणखाना कपडे घालून बघण्यासाठी ठेवला. त्याच्या छतावर ढगांत लोळणारी गुबगुबीत बाळं रंगवलेली होती आणि बाजूच्या भिंतीत जमिनीपासून छतापर्यंत सोनेरी चौकटीचा आरसा होता. मास्तरांचा चौथरा त्या आरशासमोर आला. खाली जाड गालिचा, चौथऱ्याभोवती मखमलीची झालर. मास्तरांना पहिले दोन दिवस तिथे चप्पल घालून वावरायचाही संकोच वाटला.

या घराला एक सासूही होती. जुन्या वास्तू जपणाऱ्या कार्यालयातल्या बाई महिन्यातून एकदा यायच्या, भिंतींवरून मायेनं हात फिरवायच्या आणि माणसांकडे संशयानं बघायच्या. खिळा मारायचा नाही, आरसा हलवायचा नाही, जमिनीला रंधा लावायचा नाही. त्यांनी घराविषयी नव्वद पानांचा अहवाल ताईंना दिला होता. ताईंनी तो चांगल्या कापडात बांधून घेतला आणि खालच्या टेबलावर शोभेला ठेवला.

चौथऱ्यावर चढलेल्या गिऱ्हाइकांना थोडं गरगरायचं. पण किमतीची चिठ्ठी वाचून गरगरणं त्या शोरूममध्ये शिष्टाचारातच बसत असल्यामुळे कुणी ते मनावर घेतलं नाही.

पहिली तक्रार दंतवैद्य बाईंची आली, आणि तीही तक्रार म्हणून आलीच नाही. बाईंनी नवा लांब झगा घालून एका समारंभात मिरवून घेतलं आणि घरी फोटो बघितले. सगळ्या फोटोंत त्या डावीकडे खचलेल्या दिसत होत्या. ताईंच्या झग्यात चूक असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही, इतकं ताईंचं नाव मोठं. त्या सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनीही फोटो बघून मान डोलावली आणि डाव्या बुटात घालायला बोटभर जाडीची टाच करून दिली. ती घातल्यावर बाई खरोखरच लंगडू लागल्या. पुढच्या झग्याचं माप द्यायला आल्या तेव्हा त्यांनीच काळजीच्या सुरात सांगितलं, "मास्तर, माझा डावा पाय आखूड आहे बरं का. हल्लीच कळलं."

मास्तरांनी जुना झगा मागवला, वरच्या कामाच्या खोलीत टेबलावर पसरला आणि पट्टी लावली. डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं लांब होती. कुणी बघत नाही ना, हे पाहून त्यांनी झगा घडी करून ठेवला आणि कधीतरी चुकतं माणूस, अशी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या वेळी समजूत घालायला वावच राहिला नाही. बायकांच्या गायनवृंदाचे बारा झगे होते, सगळे मास्तरांनी एकेक करून मापलेले. बारा जणी रंगमंचावर एका ओळीत उभ्या राहिल्या आणि बाराही घेर एकाच बाजूला उतरले, जशी काही सगळी ओळच डावीकडे चालू लागली आहे. दुसऱ्या गाण्यापर्यंत पुढच्या चार रांगा माना कलत्या करून ऐकत होत्या. गाणाऱ्यांना वाटलं, लोक तल्लीन झालेत. ताईंना मात्र तिसऱ्या रांगेत बसून सगळं समजलं, आणि त्या मध्यंतरातच उठून घरी गेल्या.

मजा म्हणजे बाकी कपड्यांत काही म्हणजे काही चूक नव्हती. बाह्या चोख, गळे चोख, खांदे चोख. टेबलावर कापलेलं सगळं बरोबर, फक्त घेर तेवढे वाकडे. त्यातही नव्या मुलीचे घेर सरळ यायचे. ही मुलगी कॉम्प्युटरवर कापडाचे आराखडे काढायला आली होती. अडल्यानडल्या वेळी तीही माप घ्यायची, स्वतः स्टुलावर बसायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "थोडं फिरता का, प्लीज?" मास्तर ते ऐकून मनात बोटं मोडायचे. पण तिचे घेर सरळ येत होते आणि त्यांचे वाकडे, हे सगळ्या घराला दिसत होतं.

ताई तोडून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सगळ्यांसाठी नेत्रतपासणी ठेवली. यादीत पहिलं नाव मास्तरांचं होतं. नंतर चौकशी केल्यावर कळलं की शेवटचंही त्यांचंच होतं. मास्तरांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं आणि डॉक्टरांच्या कोटाचा डावा खिसा दोन धागे खाली बसलाय हे सांगून परत आले. डॉक्टरांनी लिहून दिलं, दृष्टी वयाच्या मानानं उत्तम. ताईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा आणखीच उतरला. डोळ्यांना चष्मा लावता येतो. डोळे ठीक असतील तर मग गडबड डोक्यात असणार, आणि डोक्याला काय लावायचं?

आठवड्यानं त्यांनी मास्तरांना चहाला बसवलं. "मास्तर, गुडघ्यांवर बसायचं हे वय आहे का तुमचं?" त्या म्हणाल्या. "खाली दाराजवळ छान खुर्ची ठेवू. येणाऱ्यांना तुम्ही या घराची, आपल्या कामाची गोष्ट सांगायची. तुमचं जाकीट मी स्वतः शिवते."

मास्तरांनी ती जागा डोळ्यांपुढे आणली. दाराशी एका बाजूला बंद पडलेलं उंच घड्याळ होतं आणि दुसऱ्या बाजूला मिठाच्या व्यापाऱ्याची पेटी. दोन्हींवर पितळी पाटी होती: 'कृपया हात लावू नये.' त्या दोन्हींच्या मध्ये खुर्ची. जाकिटाला तसलीच एक पाटी शिवली की काम भागलं.

"गायिकाबाईंचा झगा मला करू द्या," ते म्हणाले. "मग खुर्चीचं बघू."

ताई बराच वेळ चमचा ढवळत राहिल्या. चहात साखर नव्हतीच. गायिकाबाई म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गाण्याची पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम होता. गडद हिरवं रेशीम, खाली मोत्यांची किनार. ती किनार एकदा लागली की उसवता येणार नव्हती, कारण सुयांची भोकं रेशमावर तशीच राहतात. म्हणजे घेर एकदाच कापायचा, आणि कापला की कापला.

"बरं," ताई म्हणाल्या. "पण हा चुकला तर मास्तर, पुढच्या सोमवारपासून खाली. आणि माप नवी मुलगी घेईल." हे बोलताना त्या मास्तरांकडे बघत नव्हत्या. छतावरच्या बाळांकडे बघत होत्या.

घरी मास्तरांनी सगळं बायकोला सांगितलं. मास्तरीणबाई म्हणजे गवंड्याची मुलगी. अंगानं भरभक्कम, जिभेनं त्याहून. त्यांनी लसूण सोलता सोलता ऐकून घेतलं.

"माझ्या निळ्या झग्याचा घेर कुणी केला?"

"मीच की. गेल्या महिन्यात. इथेच."

"मग तो सरळ कसा?"

मास्तरांनी तिला उभं केलं आणि पट्टी लावली. सरळ होता. पुन्हा लावली. केसभर इकडेतिकडे नाही.

"म्हणजे डोळे ठीक, हात ठीक आणि डोकंही ठीक," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तिथे गेल्यावरच काय होतं तुम्हाला? ती नवी पोरगी बघून हात थरथरतात?"

"काहीतरीच बोलू नकोस."

"मग मला घेऊन चला तिथे. सुट्टी आहे उद्या. किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं रिकाम्या घरात शिरले. मास्तरीणबाईंनी टबातल्या पर्सा बघून कपाळावर हात मारला, बाळं बघून 'यांना कुणी कपडे का नाही शिवत' असं विचारलं आणि चौथऱ्यावर चढल्या. चढल्या आणि लगेच दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"अहो, मी घसरतेय."

"गालिचा आहे तो. मऊ लागतो पायाला."

"गालिचा मला शिकवू नका. बापाच्या हाताखाली दहा वर्षं विटा उचलल्यात मी. ही जमीन कललेली आहे."

"दोनशे पन्नास वर्षं उभं आहे हे घर."

"कललेलं उभं आहे. तुमची मोजपट्टी आणा आणि ती मोठी कात्री."

मास्तरांनी आणून दिली. मास्तरीणबाईंनी कापडी मोजपट्टीच्या एका टोकाला कात्री बांधली आणि दुसरं टोक दाराच्या चौकटीला वर धरलं. गवंड्याच्या ओळंब्याऐवजी कात्री लटकत होती, एवढाच फरक. कात्री हलली, डुलली आणि शांत झाली. वर मोजपट्टी चौकटीला चिकटलेली होती. खाली येता येता ती चौकटीपासून दूर दूर होत गेली आणि शेवटी दोन्हींमध्ये मास्तरांची मूठ सहज मावत होती.

मास्तर बघत राहिले. ते खिडकीच्या चौकटीकडे गेले, आरशाकडे गेले, सगळीकडे तेच. दार, खिडक्या, आरसा, जमीन, सगळं मिळून एकाच बाजूला, रस्त्याकडे कललेलं होतं. सगळंच एकजुटीनं वाकडं असल्यामुळे वाकडं काही दिसतच नव्हतं. मास्तरीणबाईंनी ताटलीत पाणी घालून चौथऱ्यावर ठेवलं. पाणी डाव्या काठाला टेकलं आणि उजवा काठ कोरडा राहिला.

मग दोघं वरच्या कामाच्या खोलीत गेले. कापायच्या टेबलाखाली वाकून बघितलं तर दोन पायांखाली लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या होत्या. सुतारांना घर वाकडं आहे हे पहिल्याच दिवशी कळलं होतं; त्यांनी टेबल सरळ केलं आणि कुणाला न सांगता निघून गेले, कारण सुतारांना कुणी विचारतच नाही. म्हणून टेबलावरचं सगळं काम चोख येत होतं. आणि मास्तर मात्र वाकड्या जमिनीवर पट्टी उभी करून इमानदारीनं तिचा वाकडेपणा झग्यावर उतरवत होते. नव्या मुलीचंही कोडं सुटलं. ती गिऱ्हाइकाला फिरवायची, म्हणजे झग्याची प्रत्येक बाजू जमिनीच्या त्याच एका जागेवरून मोजली जायची. चूक झाली तरी सगळीकडून सारखी, म्हणून घेर सरळ. तिचा आळस तिला तारत होता आणि मास्तरांना त्यांचं तत्त्व बुडवत होतं.

मास्तर चौथऱ्याच्या कडेला येऊन बसले आणि त्यांना रडू आलं. तीन महिने ते स्वतःला संपलेला माणूस समजत होते. रोज सकाळी येताना, आज काय चुकणार, या धास्तीनं त्यांना जिना चढवत नव्हता. मास्तरीणबाईंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "ताईंना फोन करा."

"फोन करून काय सांगू? माझं शिवण चांगलं आहे, तुमची जमीनच वाकडी? असं म्हणणाऱ्याला लोक काय म्हणतात, ते शाळेतली पोरंही सांगतील तुला." मास्तरांनी डोळे पुसले. "आधी झगा सरळ करून दाखवतो. मग तोंड उघडतो."

"आणि तोपर्यंत माप गिऱ्हाइकाला फिरवून घ्या. फुकटात सरळ येईल."

मास्तरांनी बायकोकडे असं बघितलं की मास्तरीणबाईंनी तो विषय सोडून दिला आणि पर्समधून चाकू काढला. खाली पडलेल्या एका खोक्याचं फळकूट घेऊन त्यांनी दोन पाचरी तासल्या. त्या चौथऱ्याखाली डाव्या बाजूला सारल्या, ताटलीतलं पाणी चारही काठांना सारखं टेकेपर्यंत मागेपुढे केल्या आणि झालर खाली सोडली. काही झालंय हे बघणाऱ्याला कळलंही नसतं.

सोमवारी सकाळी गायिकाबाई आल्या त्या बोलतच आल्या. त्यांचा साधा आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. हिरवं रेशीम अंगावर चढलं, बाई चौथऱ्यावर ताठ उभ्या राहिल्या, मास्तर गुडघ्यांवर बसले आणि रांगत रांगत त्यांनी जमिनीपासून दोन बोटं वर, सगळीकडून टाचण्या लावल्या. मग ते बाजूला झाले. बाईंनी आरशात बघितलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हे वाकडं आहे."

बाईंनी मान कलती करून पुन्हा बघितलं.

"उजवीकडे उतरलंय. मला काय दिसत नाही?"

"उजवीकडे थोडं आहे खरं," नवी मुलगी हळूच म्हणाली. ती वाईट नव्हती. तिला मास्तरांची दया येत होती, आणि तेच मास्तरांना सहन होत नव्हतं.

मास्तरांनी आरशात बघितलं. घेर वाकडा दिसत होता. साफ वाकडा. बायकोनं केलेला ओळंबा त्यांनी पाहिला होता, पाणी त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पण आरशाची चौकट, दार, खिडकी, सगळी खोली एका सुरात सांगत होती की हा घेर उजवीकडे उतरलाय. सरळ असलेली एकमेव वस्तू त्या खोलीत वाकडी ठरत होती. चाळीस वर्षांत मास्तरांनी डोळ्यांना पटलं नाही असं काही कधी कापलं नव्हतं. पाचर रात्रीतून सरकली असेल तर? पाणीच ताटलीच्या पोच्यामुळे फसवत असेल तर?

"पुन्हा बघतो," एवढंच ते म्हणाले.

ते पुन्हा गुडघ्यांवर बसले. "सर, बाईंनाच फिरू द्या ना, तुमचे गुडघे..." नवी मुलगी म्हणाली. मास्तरांनी मान हलवली. पट्टी, खूण, सरकणं. पट्टी, खूण, सरकणं. एका बाजूला पोचल्यावर गुडघ्यातून कळ आली, तेव्हा ते जमिनीवर हात टेकून क्षणभर थांबले आणि पुढे निघाले. ताई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. गेली तीन वर्षं त्या फरश्या, रंग, दिवे आणि बाळं यांतच इतक्या अडकल्या होत्या की मास्तरांना माप घेताना बघितलंच नव्हतं. आता त्या बघत होत्या: प्रत्येक खुणेपाशी श्वास रोखायचा, खडू लागल्यावर सोडायचा. सायकलवाल्याच्या माडीवर त्यांनी हेच बघत बघत सगळं शिकून घेतलं होतं.

मास्तर चक्कर पुरी करून उठले. एकही टाचणी हलवावी लागली नव्हती. त्यांनी आरशात बघितलं. अजून वाकडा.

"सांगा ना मास्तर," गायिकाबाई म्हणाल्या. "सरळ आहे का वाकडा?"

मास्तरांनी तोंड उघडलं.

"मला वाकडा दिसतोय," ताई दारातून म्हणाल्या. त्या पुढे आल्या, घेराकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "पण मास्तरांनी दोनदा मोजलाय, आणि एक टाचणी हलली नाही. म्हणजे माझंच बघणं चुकत असणार. कापा, मास्तर."

"अहो, पण माझा कार्यक्रम आहे."

"वाकडा निघाला तर मी तुमच्या शेजारी रंगमंचावर वाकडी उभी राहीन, म्हणजे तुम्ही सरळ दिसाल. कापा."

मास्तरांनी कापलं. बाई कपडे बदलून गेल्यावर त्यांनी ताईंना झालर उचलून पाचर दाखवली आणि सगळं सांगितलं. ओळंबा, पाणी, सुतार, सगळं. ताई गालिच्यावर बसल्या आणि इतक्या हसल्या की नवी मुलगी पाणी घेऊन धावत आली. दुपारी त्यांनी वास्तूवाल्या बाईंना फोन लावला. पलीकडून थंडपणे उत्तर आलं, "सात इंच, रस्त्याच्या बाजूला. दोनशे वर्षांपूर्वी पाया खचला. अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलंय. तुम्ही वाचला असेलच." ताई हो म्हणाल्या. दंतवैद्य बाईंना निरोप गेला की तुमचे दोन्ही पाय सारखे आहेत, अभिनंदन. गायनवृंदाचे बारा झगे परत मागवले. खाली ठेवायची खुर्ची मात्र कुणी आणलीच नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पाचव्या रांगेत ताई, मास्तर आणि मास्तरीणबाई असे ओळीनं बसले. मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. पडदा वर गेला, गायिकाबाई चालत पुढे आल्या आणि दिव्यांच्या उजेडात थांबल्या. रंगमंचाच्या सपाट फळ्यांवर हिरवा घेर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होता. मोत्यांची किनार जमिनीपासून दोन बोटं, डावीकडेही दोन आणि उजवीकडेही दोनच.

ताईंनी सोडलेला श्वास मास्तरांना ऐकू आला. मग त्या कानाशी आल्या. "एक विचारू? त्या दिवशी आरशात तुम्हाला कसा दिसत होता?"

"वाकडा," मास्तर म्हणाले.

"मग बाईंनी विचारलं तेव्हा काय सांगणार होतात? तोंड उघडलं होतंत तुम्ही."

मास्तरांनी समोर बघतच सांगितलं, "'थांबा' म्हणणार होतो. खुर्ची द्या म्हणणार होतो. माझा धीर सुटला होता, ताई. तेवढ्यात तुम्ही 'कापा' म्हणालात."

ताईंनी मास्तरांचा, बोटांना घट्टे पडलेला हात दोन्ही हातांत धरला. पलीकडून मास्तरीणबाईंनी वाकून बघितलं आणि दबक्या आवाजात दटावलं, "गप्प बसा की दोघं. बाई गायला लागल्या."

मास्तर गप्प बसले. पुढचा दीड तास त्यांनी गाणं असं ऐकलंच नाही. ते त्या घेराकडे बघत होते, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच एखादा घेर त्यांना आपल्या एकट्याचा वाटत नव्हता.